शेवटच्या वादकाचा शोध थांबवा

आदिवासी वाद्यांवरच्या माहितीपटांचा साचा आता इतका पक्का झाला आहे, की पहिली दोन मिनिटं पाहिली तर उरलेला सगळा भाग डोळे मिटून सांगता येतो. सुरुवातीला ड्रोनमधून दिसणारा डोंगर, हटकून पावसाळ्यातला, कारण हिरवा रंग पडद्यावर बरा उठतो. मग एक सुरकुतलेला चेहरा. मग तोच माणूस कातळावर एकटा, पाठीशी मावळतीचा सूर्य, ओठांना पावरी. पावरीचा आवाज कानात शिरतो न शिरतो तोच त्याच्यावर शहरातल्या स्टुडिओतली बासरी चढते, आणि भारदस्त आवाजाचा निवेदक प्रमाण मराठीत किंवा हिंदीत सांगू लागतो, की ही कला अखेरच्या घटका मोजते आहे, नव्या पिढीला तिचं सोयरसुतक नाही आणि समोर बसलेला हा वृद्ध बहुधा शेवटचा वादक आहे. मग पडदा काळा. गाव कळवण तालुक्यातलं असो, सुरगाण्याचं, पेठचं, बागलाणचं की पलीकडे डांगातलं; वादक शेवटचाच असतो. इतके शेवटचे वादक एकाच टापूत, तेही वर्षानुवर्षं सापडत राहावेत, याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

या साच्यामागे एक मत आहे आणि ते फक्त माहितीपट करणाऱ्यांचं नाही. प्राध्यापक, पत्रकार, अनुदान देणारे अधिकारी आणि हळहळणारे रसिक या सगळ्यांचं त्यावर एकमत आहे. ते असं: लोककला जाणारच, काळापुढे कुणाचं चालत नाही, आपल्या हाती एवढंच, की ती जाण्याआधी चांगल्या कॅमेऱ्यानं टिपून ठेवावी, म्हणजे पुढच्यांना निदान कळेल की असं काही होतं. त्यातूनच पुढची कलमं निघतात. कला जितकी जुनी तितकी खरी; तिच्यात नवं काही शिरलं की ती बाटली; आणि चित्रित झाली म्हणजे वाचली. हे सगळं इतक्या हळव्या सुरात बोललं जातं की त्याला विरोध करणारा माणूस निष्ठुर वाटावा. पण माणूस अंगणात चालताबोलता असताना ओसरीवर बसून त्याच्या तेराव्याच्या जेवणाचा बेत ठरवणं हा जर हळवेपणा असेल, तर निष्ठुरपणाच बरा.

आधी हे ‘मरण’ तपासू. पावरी म्हणजे वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, सांध्यांना मेण, टोकाला शिंग, हौसेला मोरपिसं. हे मैफलीचं वाद्य नाही आणि एकट्यानं सूर्यास्ताकडे बघत वाजवायचं तर मुळीच नाही. कोकणा, भिल्ल आणि शेजारच्या इतर जमातींत तिचं मोठं काम मार्गशीर्षात असतं, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात. नवं धान्य घरात आलेलं असतं. व्रत घेतलेल्या माऊल्या भगताच्या मार्गदर्शनाखाली नेमानं राहतात, नाचतात, गावं फिरतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावरच्या देवाकडे जातात. काशाच्या थाळीवर मेणानं काडी बसवून, तिच्यावरून बोटं ओढत कथा लावणारा असतो. कणसरी या धान्यदेवतेची कथा अशाच थाळीवर रात्रभर चालते. आणि पावरी वाजते ती नाचणाऱ्यांच्या पायांसाठी. फेर आहे म्हणून पावरी आहे. आता या माणसाला ऐन पावसाळ्यात, फेराविना, माऊल्यांविना, भगताविना, देवाविना उचलून कातळावर बसवला तर तो एकाकी दिसणार नाही तर काय होईल? वारीतल्या पखवाजवाल्याला ज्येष्ठाऐवजी भलत्याच महिन्यात गाठून, एकट्याला नदीकाठी बसवून, ‘वारकरी संपले’ असा निष्कर्ष कुणी काढला तर पंढरपुरापर्यंत हशा पिकेल. पावरीवाल्याच्या बाबतीत मात्र त्याच निष्कर्षाला पारितोषिक मिळतं. एकाकी तो नव्हताच. कॅमेऱ्याच्या सोयीनं त्याला एकाकी केलं, आणि मग त्याच एकाकीपणावर करुण निवेदन लिहिलं.

कुणी म्हणेल, माहितीपटाचं माध्यमच असं आहे. वीस मिनिटांत एक माणूस, एक वाद्य, एक भाव एवढंच मावतं. हे खोटं आहे, आणि ते खोटं ठरवायला अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या दक्षिण भागापर्यंत जावं लागलं तरी हरकत नाही, कारण तिथलं प्रकरण आपल्या प्रकरणाशी फार जुळतं. कॅनडातल्या अकेडियातून १७५५ पासून इंग्रजांनी हुसकावलेल्या फ्रेंच बोलणाऱ्यांचे वंशज म्हणजे केजन. त्याच भागातल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं नाचाचं संगीत म्हणजे झायडको. राज्याच्या १९२१ च्या घटनेनं शाळेची भाषा इंग्रजी ठरवली आणि घरची फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना वर्गात शिक्षा होऊ लागल्या. पुढच्या चाळीसेक वर्षांत केजन संगीत तिथल्याच शिकलेल्या लोकांना लाज वाटावी असं झालं. १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाला तिथले तीन वादक निघाले तेव्हा त्यांच्याच भागातल्या वर्तमानपत्रानं थट्टा केली, की असला गावंढळ कल्ला बाहेर नेऊन आपली शोभा कशाला करता? त्या तिघांत ड्यूई बाल्फा नावाचा फिडलवादक होता. शेती करणारा, शाळेची बस चालवणारा, विमा विकणारा माणूस. हजारोंच्या गर्दीनं त्यांना उचलून धरलं. बाल्फा परत आला, पण ‘शेवटचा फिडलवादक’ होऊन मुलाखती देत बसला नाही. वादकांना घेऊन शाळाशाळांत गेला. १९६८ मध्ये फ्रेंचच्या जतनासाठी राज्यानं परिषद स्थापली. १९७४ मध्ये लाफायेत शहरात या संगीताच्या सन्मानाचा मोठा जलसा झाला, आणि त्यातूनच पुढे दरवर्षीचा उत्सव उभा राहिला.

याच सुमारास लेस ब्लँक नावाचा माहितीपटकार तिथे कॅमेरा घेऊन हिंडत होता. त्याचे ‘स्पेंड इट ऑल’, ‘ड्राय वुड’, ‘हॉट पेपर’ हे पट पाहताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्यात कुणी मरत नाही. ‘ड्राय वुड’ १९७३ चा. त्यात बुआ सेक आर्दुआं आणि कॅनरे फाँतनो हे दोघे वादक आहेत, पण ते जेवढा वेळ वाजवतात तेवढाच वेळ त्यांच्याभोवतीचं गाव दिसत राहतं: सणाची मिरवणूक, डुक्कर कापणं, स्वयंपाक, खाणं, थट्टा. ‘स्पेंड इट ऑल’मध्ये तर एक गडी पकडीनं स्वतःचाच दात उपटतो, जर्मन दिग्दर्शक वेर्नर हर्झोगला ते इतकं आवडलं की त्यानं आपल्या ‘श्ट्रोझेक’मध्ये तसलाच प्रसंग घातला. दात उपटण्याचा संगीताशी काय संबंध, असा प्रश्न आपल्याकडच्या अनुदान समितीनं नक्की विचारला असता. संबंध हाच, की हे संगीत ज्या अंगात राहतं ते अंग कसं आहे हे त्यातून कळतं. १९८९ च्या ‘झे एते ओ बाल’मध्ये केजन आणि झायडको या दोन्हींचा इतिहास आहे, आणि त्यात निवेदन करणारे दोघे, बॅरी आन्सले आणि मायकल डूसे, त्याच मातीतले: एक अभ्यासक, दुसरा वादक. माणसं आपल्या फ्रेंचमध्ये बोलतात, इंग्रजी खाली अक्षरांत येतं. आपल्या किती माहितीपटांत भगत आपल्या कोकणा बोलीत पुरतं वाक्य बोलून संपवतो? तिसऱ्या शब्दाला निवेदक त्याच्या तोंडावर हात ठेवतो.

ब्लँकची अवाजवी आरती करायची नाही. झायडकोच्या मुळाशी असलेला अमेदे आर्दुआं १९२९ ते १९३४ या काळात ध्वनिमुद्रिका करून गेला, गोऱ्या केजन वादकांनी त्याच्या चाली आपल्याशा केल्या, आणि तो स्वतः १९४२ मध्ये मनोरुग्णालयात मेला. एका गोऱ्या स्त्रीनं घाम पुसायला दिलेला रुमाल घेतला म्हणून त्याला बेदम मारलं होतं, असं तिथे सांगितलं जातं. नाचाच्या हसऱ्या चित्रणात ही बाजू दबते. पण हा दोष ‘जिवंत दाखवलं’ याचा नाही, ‘पुरतं जिवंत दाखवलं नाही’ याचा आहे. त्याचा आधार घेऊन आपल्या मरणगीतांचं समर्थन होत नाही.

आता शुद्धतेकडे वळू, कारण ‘शेवटचा वादक’ या कल्पनेचा खरा पाया तोच आहे. कळवण, साक्री, नवापूर, डांग या पट्ट्यात लग्नाची वरात निघते तेव्हा गाडीवर कीबोर्ड असतो, बेंजो असतो, कानठळ्या बसवणारे स्पीकर असतात, आणि त्यांतून पावरीच्या चाली वाजतात. ‘पावरी’ नावानं वाजणारे हे बँड आणि त्यांची गाणी मोबाइलवर घरोघर ऐकली जातात. वरातीत नाचणारी पोरं विशीतली असतात. माहितीपटकार मात्र स्पीकर दिसला की कॅमेरा वळवतो आणि अस्सल म्हातारा शोधत पुढच्या पाड्यावर जातो. नंतर तोच सांगतो की तरुणांना रस नाही! ज्या जागी तरुण होते तिथे तुम्ही पाठ फिरवलीत, त्याला तरुण काय करणार? क्लिफ्टन शेनियेला आज झायडकोचा राजा म्हणतात. तो पोर्ट आर्थरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काम केलेला माणूस. त्यानं जुना छोटा अकॉर्डियन टाकून पियानोच्या पट्ट्यांचा घेतला, विजेवरची गिटार घेतली, ब्लूज मिसळलं, आणि कपडे धुण्याच्या पत्र्याला खांद्यावरून छातीवर अडकवण्याजोगा आकार १९४६ मध्ये एका कारागिराकडून करून घेतला. त्याचा भाऊ क्लीव्हलंड तो पत्रा बाटल्या उघडण्याच्या किल्ल्यांनी वाजवायचा. शुद्धतेचे रखवालदार तेव्हा दारात उभे असते तर झायडको दारातच संपलं असतं. आज तोच पत्रा त्या संगीताची ओळख आहे. कीबोर्डवरची पावरी चांगली की वाईट, हा वाद जरूर घालावा. कीबोर्डाला भोपळ्याचा श्वास नाही, हेही खरं. पण तो वाद घालण्यासाठी आधी तिला पावरीच्या इतिहासात जागा द्यावी लागेल, आणि तसं केलं तर ‘शेवटचा’ हा शब्द वापरता येत नाही. अडचण तीच आहे.

तिसरं कलम: चित्रित झालं म्हणजे वाचलं. सरकारचं फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये स्थापन झालं, पुढची कित्येक दशकं त्याचे लघुपट चित्रपटगृहांत सक्तीनं दाखवले गेले, २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. एवढ्या काळात देशभरचे आदिवासी नाच टिपले गेले. त्यामुळे कोणत्या गावात एक तरी नाच अधिक नाचला गेला? कपाटातल्या रिळानं वाद्य वाजत नाही. वाद्य वाजतं ते ते बनवणारा, वाजवणारा आणि नाचणारा असला तर. लुइझियानातल्या युनिस गावात मार्क सव्वा हातानं अकॉर्डियन बनवतो आणि १९६६ मध्ये सुरू केलेल्या त्याच्या दुकानात शनिवारी सकाळी गावचे वादक जमून वाजवतात. त्याच्यावर ब्लँकनं पट केला तोही या कामासकट. आपल्या पावरीपटांत भोपळा कुठून येतो, नळ्यांची छिद्रं कशी धरतात, मेण किती ऊन असताना लावतात, एका पावरीला किती दिवस आणि किती पैसे पडतात, हे कुणी दाखवतं? त्याला वेळ नसतो, कारण सूर्य मावळायला आलेला असतो.

चित्रण निरुपयोगी आहे असं यातून काढू नये. चित्रणाचा उपयोग कशात आहे, हे महाराष्ट्रातच नीट करून दाखवलं गेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभारला त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि त्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासह आहेत. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळानं तो संग्रह लोकांपुढे आणताना त्याच बायकांच्या दारी पुन्हा जाऊन त्यांना पुन्हा ऐकलं. जातं तर खरोखरच गेलं आहे, गावात पिठाची गिरणी आली. तरीही तिथे रडगाणं नाही, बाई काय म्हणते ते आहे. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी ‘नटले तुमच्यासाठी’ हा लावणीवाल्यांवरचा माहितीपट केला; मग २०१४ मध्ये कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आलं, आणि त्याच नावाच्या रंगमंचीय प्रयोगात बारीतल्या कलावंत स्वतः उभ्या राहून गाऊ-नाचू लागल्या. कॅमेरा पुरा झाला आणि काम पुढे सुरू झालं. पावरीवर पट करायला आलेल्या किती जणांच्या बाबतीत असं म्हणता येईल?

आणि जिथे कला खरंच आटते आहे, तिथे तिचा गळा कुणी धरला आहे हे सांगायची तरी हिंमत हवी. निवेदक ‘काळाच्या ओघात’ म्हणतो. हा ओघ फार सोयीचा, त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही. कळवणच्या पश्चिम पट्ट्यातली, सुरगाणा-पेठची माणसं पावसाळा सरला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. छाटणी ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि मार्गशीर्ष बरोबर मधोमध. माऊली व्हायचं तर मजुरी बुडते. मुलं आश्रमशाळेत असतात. मार्गशीर्षात शाळा भरलेली असते, सुट्टी दिवाळीला आणि उन्हाळ्यात. म्हणजे पावरी ज्या दिवसांत ऐकून शिकायची ते नेमके दिवस पोरगं वसतिगृहात काढतं, आणि मग त्याच्यावरच ‘रस नाही’ असा ठपका. बांबू जंगलातला, २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपजात धरला, पण कायद्यातला हक्क आणि हातात पडलेला हक्क यांतलं अंतर मोजायला मार्च २०१८ मध्ये या भागातले हजारो आदिवासी शेतकरी किसान सभेच्या लाल झेंड्याखाली नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. वनजमिनीचा हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या मोर्चात चाललेले पाय आणि डोंगऱ्यादेवाला नाचणारे पाय बहुतांशी त्याच गावांतले. मोर्चाचं चित्रण बातमीवाल्यांनी केलं, नाचाचं संस्कृतीवाल्यांनी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, की हे राजकारण झालं, आम्ही संगीतावर बोलतो आहोत. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पाहून मग हे वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. तिथून सुरू झालेलं चित्रण चौदा वर्षं चाललं आणि सुमारे तीन तासांचा पट झाला. त्यात गाणी आहेत, ओळीमागून ओळी, शाहिरांच्या, बायकांच्या, कबीर कला मंचाच्या पोरांच्या गळ्यातली. एक गायक मेला या घटनेनं पटाची सुरुवात होते, म्हणजे मरणगीत गायला याहून सबळ कारण कुठलं असणार? तरीही पट मरणावर थांबत नाही. कुणी मारलं आणि आता कोण गातंय, हे विचारत पुढे जातो. संगीत आणि राजकारण वेगळं काढलं असतं तर त्यातलं संगीतच कळलं नसतं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात गोड: अहो, निदान या निमित्तानं त्या माणसाचं नाव तरी होतं, मानसन्मान मिळतो. मिळतो, आणि मिळावाच. पावरीच्याच जातकुळीतल्या तारप्याचे जव्हारकडचे वादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली, ती त्यांच्या वाजवण्याची कमाई आहे, त्यांच्या एकटेपणाची नव्हे. पण ज्या माणसाला तुम्ही पडद्यावर ‘शेवटचा’ म्हणता, त्याच्या शेजारी बसून शिकणाऱ्या पुतण्याला, वरातीतल्या कीबोर्डवाल्याला आणि पुढच्या पाड्यावरच्या दुसऱ्या वादकाला तुम्ही त्याच दमात नाहीसं करता. सुपारी देणारा, अनुदान देणारा, शाळेत बोलावणारा मग म्हणतो, आता कोण उरलंय? सन्मान करणाऱ्याला एवढं भान ठेवणं जड आहे काय?

तेव्हा कळवणला कॅमेरा घेऊन यायचं असेल त्यांनी मार्गशीर्षात यावं, भगताला विचारून यावं, आणि तो ज्या ठिकाणी नाही म्हणेल तिथे कॅमेरा पिशवीत ठेवावा. वाजवणाऱ्याला त्याच्या बुडालेल्या मजुरीसकट बिदागी द्यावी. त्याची बोली त्याच्या तोंडात राहू द्यावी, खाली मराठी अक्षरं उमटवायला फार खर्च येत नाही. पावरीवर बासरी चढवू नये. पट पुण्या-मुंबईच्या महोत्सवात जाण्याआधी गावच्या चावडीवर दाखवावा, तिथे लोक ज्यावर हसतील ते काढून टाकावं. कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानं आपल्या आश्रमशाळांत मार्गशीर्षापुरती तरी पावरीवाल्याला मानधनावर बोलवावं. एका माहितीपटाच्या खर्चात अशा कितीतरी शाळा निघतील. आणि आजवर ज्यांना ‘शेवटचे’ म्हणून टिपून नेलं त्या प्रत्येकाच्या चित्रफितीची पूर्ण, न कापलेली प्रत येत्या डोंगऱ्यादेवाच्या आत त्याच्या घरी पोचती करावी.